गैरहजर गरिबांचे वकील

लोक रस्त्यावर आले की व्यवस्थेचे रखवालदार त्यांना सगळ्यांत आधी विचारतात, 'तुम्ही कोण?' लोकांचे म्हणणे काय आहे हा प्रश्न नंतरचा, आणि पुष्कळदा तो येतच नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पाणवठ्यावर तो त्याला विचारला गेला, देवळाच्या पायरीवर विचारला गेला, विद्यापीठाच्या दारातही विचारला गेला. म्हणूनच अमेरिकेत आणि युरोपात लिहिल्या गेलेल्या एका प्रकारच्या लिखाणाकडे मी या नियतकालिकाच्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जागतिक व्यापार संघटना, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या विरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले तेव्हा स्थितिवादी मंडळींनी काय लिहिले, काय भाषणे केली, हा माझा विषय आहे. स्थितिवादी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. यांतले काहीजण स्वतःला उदारमतवादी म्हणवतात. पण चालू व्यवस्था मूलतः योग्य आहे नि तिच्याविरुद्ध उठणारा माणूस मूलतः चुकलेला आहे, एवढे गृहीत धरून जो लेखणी उचलतो तो कोणत्या पक्षाचा आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही.

आधी घटना. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात जागतिक व्यापार संघटनेची तिसरी मंत्रिपरिषद सुरू व्हायची होती. ही संघटना १ जानेवारी १९९५ ची. डंकेल प्रस्तावाच्या नावाने आपल्याकडे जो गदारोळ माजला होता, त्यातूनच ती जन्माला आली. उद्घाटनाच्या दिवशी सुमारे चाळीस हजार माणसे रस्त्यावर होती; काहींच्या मते त्याहून पुष्कळ अधिक. त्यात पोलाद कामगार होते, गोदी कामगार होते, विद्यार्थी होते, पर्यावरणवाले होते, गरीब देशांची कर्जे माफ करा म्हणणारी चर्चमधली माणसे होती, निरनिराळ्या देशांतले शेतकरी होते. त्या दिवशी गोदी कामगारांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे बंद पाडली. चौक अडवून बसलेल्या लोकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. काही टोळक्यांनी बड्या कंपन्यांच्या दुकानांच्या काचा फोडल्या. उद्घाटनाचा सोहळा रद्द झाला, महापौरांनी आणीबाणी पुकारली, रात्री संचारबंदी लागली, शहराच्या मध्यभागी निदर्शनांना बंदी असलेला पट्टा आखला गेला आणि सुमारे सहाशे माणसे पकडली गेली. ३ डिसेंबरला परिषद काहीही न ठरवता संपली.

ती केवळ रस्त्यावरच्या लोकांमुळे मोडली असे मात्र नव्हे. आफ्रिका, कॅरिबियन बेटे, लॅटिन अमेरिका येथील प्रतिनिधी आत बसून तक्रार करीत होते की खरे निर्णय बंद खोलीत मूठभर देश घेतात आणि आम्हांला फक्त सही करायला बोलावतात. पंगतीत शेवटी बसवल्या जाणाऱ्या माणसाला ही तक्रार समजावून सांगायला नको. पण सिएटलवर जे स्थितिवादी लिखाण झाले त्यात आतली ही बंडाळी तळटीपेपुरती उरली, आणि बाहेरच्या काचा मुखपृष्ठावर गेल्या.

या लिखाणातली पहिली तऱ्हा म्हणजे समोरच्याला अडाणी ठरवणे. टॉमस फ्रीडमन हे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे नामांकित स्तंभलेखक. त्यांनी १ डिसेंबर १९९९ च्या आपल्या स्तंभात मोर्चेकऱ्यांची जी यादी केली, तिचा आशय असा: पृथ्वी सपाट आहे असे मानणारे खुळे, संरक्षणाची भीक मागणाऱ्या कामगार संघटना, आणि साठीच्या दशकातली धुंदी पुन्हा अनुभवू पाहणारे सुखवस्तू तरुण, हे सारे एकाच नावेत बसले आहेत. गंमत अशी की याच गृहस्थांनी पुढे २००५ साली बंगळूरची वारी करून जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच जग सपाट आहे अशी घोषणा होती. असो. माणूस विनोदी आहे आणि त्याची भाषा चटकदार आहे. पण गोदी कामगाराचे काम जाणार की राहणार, एखाद्या देशाला आपल्या लोकांसाठी कायदा करता येणार की नाही, हे प्रश्न या चटकदारपणात कुठे विरघळले याचा पत्ता लागत नाही.

दुसरे नाव अधिक मोठे आहे, आणि त्याच्याकडे मी अधिक आदराने पाहतो. जगदीश भगवती यांचा जन्म मुंबईचा, १९३४ चा. सिडनहॅम महाविद्यालयात शिकून ते पुढे केंब्रिजला आणि अमेरिकेत गेले व खुल्या व्यापाराचे जगातले अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञ झाले. २००४ साली जागतिकीकरणाच्या बचावासाठी त्यांनी एक पुस्तक लिहिले. भगवती आंधळे समर्थक नाहीत. भांडवलाच्या मोकाट संचाराला त्यांनी १९९८ सालीच विरोध केला होता. व्यापार आणि सट्टा यांत फरक आहे हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. व्यापाराने ज्यांचे नुकसान होते त्यांना आधार देणाऱ्या संस्था हव्यात हेही ते मान्य करतात. असा माणूस जेव्हा विचारतो की हे तरुण जागतिकीकरणाविरुद्ध का उठले, तेव्हा मी कान देऊन ऐकतो. त्यांचे उत्तर मात्र मला थक्क करणारे वाटले. ते म्हणतात, या तरुणांतले पुष्कळसे इंग्रजी साहित्य, तौलनिक साहित्य, समाजशास्त्र अशा विभागांतून येतात. तेथे देरिदा आणि त्यांच्या पंथातील मंडळींनी त्यांच्या मनात प्रत्येक व्यवस्थेविषयी संशय पेरला आहे. आणि अर्थशास्त्र त्यांनी शिकलेले नाही.

या नियतकालिकाचे वाचक प्रामुख्याने साहित्याचे विद्यार्थी नि शिक्षक आहेत. म्हणजे हा आरोप थेट आपल्यावर आहे. तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणत नाही. अर्थशास्त्राविषयीची आपली उदासीनता लाजिरवाणी आहे. ज्यांच्या महापुरुषाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांनी चलन, कर नि आयात-निर्यात हे विषय बड्या लोकांवर सोपवून द्यावेत हे बरे नव्हे. पण माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. भगवती येथे विरोधकांचा युक्तिवाद तपासत नाहीत, विरोधकांची घडण तपासतात. हा असा का बोलतो, याला काय वाचायला दिले होते, याच्या मनात कोणी विष कालवले, अशी ही चिकित्सा आहे. समोरच्याला रोगी मानले की त्याचे म्हणणे हे लक्षण ठरते, आणि लक्षणाला उत्तर द्यायचे नसते, औषध द्यायचे असते. दलित साहित्य पहिल्यांदा आपल्या पायांवर उभे राहिले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने नेमके हेच केले. हा आक्रोश आहे, ही चीड आहे, हा न्यूनगंड आहे, असे निदान झाले. कवितेत काय म्हटले आहे ते खरे की खोटे, एवढे साधे कोणी विचारीना.

अडाणी ठरवण्याची ही तऱ्हा जुनीच, आणि तिची धार कधीच बोथट झाली आहे. दुसरी तऱ्हा अधिक कावेबाज असून आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिच्यात स्थितिवादी माणूस स्वतःसाठी बोलतच नाही. तो गरिबांसाठी बोलतो. सिएटलनंतर 'इकॉनॉमिस्ट' या लंडनच्या साप्ताहिकाने डिसेंबर १९९९ मध्ये मुखपृष्ठावर एका दरिद्री मुलाचे छायाचित्र छापले आणि सिएटलमध्ये खरे हरले ते हे, असे सांगितले. जुलै २००१ मध्ये जिनोआच्या शिखर परिषदेला निघण्यापूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जागतिक बँकेत भाषण केले. जे खुल्या व्यापाराचा निषेध करतात ते गरिबांचे मित्र नव्हेत, गरिबीतून सुटण्याची गरिबांची सर्वांत मोठी आशा ते हिरावून घेत आहेत, असा त्याचा मथितार्थ होता. या परिषदेच्या वेळी, २० जुलैला, इटलीच्या पोलिसाने झाडलेल्या गोळीने कार्लो जुलियानी हा २३ वर्षांचा तरुण ठार झाला.

छायाचित्रातल्या त्या मुलाला कोणी विचारले होते काय? त्याच्या आईबापांना? त्यांचे गाव कोणते, त्यांच्याकडे जमीन आहे की नाही, ती कोणी नेली, त्यांची जात कोणती, ते कोणत्या सावकाराच्या दारात राबतात, यांतले काहीच मुखपृष्ठाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. मुलगा गैरहजर होता म्हणूनच तो उपयोगी होता. गैरहजर अशिलाइतका सोयीचा अशील वकिलाला दुसरा मिळत नाही. तो फी बुडवत नाही, सल्ला झुगारत नाही, आणि 'मी असे म्हटलेच नव्हते' असे न्यायालयात उठून सांगत नाही.

१९३१ साली लंडनला दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो असा दावा केला, आणि त्याच सभागृहात बसलेल्या बाबासाहेबांनी तो फेटाळला. गांधीजींना मी बुशसाहेबांच्या रांगेत बसवीत नाही. गांधीजींचा कळवळा बेगडी नव्हता. त्यामुळेच तो प्रसंग अधिक शिकवणारा आहे. कळवळा खरा असला तरी मुखत्यारपत्र कोठे आहे, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. आपल्यासाठी कोणी किती चांगले बोलतो याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कोणाला निवडून दिले, कोणाला हटवता येते, कोण जाब देतो, याच्याशी होता. हाच प्रश्न 'इकॉनॉमिस्ट'च्या संपादकाला विचारावा लागतो. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर तो मोर्चातल्या पुढाऱ्यालाही विचारावा लागतो.

स्थितिवाद्याला गरिबाची भूक नेमकी केव्हा आठवते हे पाहण्यासारखे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. त्या काळात किती सभ्य माणसांच्या तोंडून आपण ऐकले, 'नावाने का पोट भरते? खरा प्रश्न भाकरीचा आहे.' ज्यांनी त्याआधी आपल्या भाकरीची कधी चौकशी केली नव्हती, त्यांना आपण सन्मान मागताच आपली भाकरी आठवली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर सोळा वर्षे गेली होती, आणि या मंडळींनी त्या सोळा वर्षांत भाकरीसाठी एक मोर्चा काढल्याचे मला स्मरत नाही. सिएटलनंतरचा गरिबांचा कळवळा वाचताना मला सतत हे आठवत होते.

मग खुद्द गरीबच मोर्चात आला तर? या वकिलांची खरी परीक्षा तेथे होते. १९९९ च्या उन्हाळ्यात, सिएटलच्या काही महिने आधी, भारतातले काही शे शेतकरी युरोपात गावोगाव फिरून जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध निदर्शने करीत होते. त्यात कर्नाटकाच्या रयत संघाचे लोक मोठ्या संख्येने होते. १० सप्टेंबर २००३ रोजी मेक्सिकोतील कॅनकून येथे व्यापार संघटनेची पाचवी परिषद सुरू झाली, त्या दिवशी ली क्युंग-हे या दक्षिण कोरियाच्या शेतकऱ्याने कुंपणावर चढून स्वतःच्या छातीत सुरा खुपसला आणि प्राण सोडला. ही संघटना शेतकऱ्यांना मारते, अशी पाटी त्याने सोबत आणली होती. आता 'तुम्ही गरिबांचे मित्र नव्हेत' असे कोणाला म्हणणार? मग आरोप बदलला. हा शेतकरी खरा गरीब नव्हे, कोरियातला भात तर आयातकराच्या भिंतीआड पिकतो. आणि हा तर कर्नाटकातला बागाईतदार. ते तर कोणीतरी भडकवलेले. घरातला सुखवस्तू तरुण आला तर तो गरीब नाही म्हणून त्याला अधिकार नाही, आणि शेतकरी आला तर तो पुरेसा गरीब नाही म्हणून त्यालाही नाही. पुरेसा गरीब जो असेल तो अर्थातच मेक्सिकोपर्यंत येऊ शकत नाही. परीक्षा अशी आखलेली आहे की तीत कोणीच उत्तीर्ण होऊ नये.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि कार्यकर्त्यांनी ती नीट पाहावी असे मला वाटते. सिएटलचा मोर्चा बहुतांशी गोऱ्यांचा होता. काळे, मेक्सिकन वंशाचे, स्थलांतरित, ज्यांच्या जिवावर अमेरिकेतली स्वस्ताई चालते ते लोक त्यात फार थोडे होते. हे सर्वांत आधी ठासून कोणी सांगितले? चळवळीतल्याच एका जुन्या कार्यकर्तीने. एलिझाबेथ मार्टिनेझ यांनी २००० साली एक लेख लिहून विचारले की सिएटलमध्ये काळे-सावळे चेहरे कोठे होते. त्यांनी कारणे शोधली: प्रवासाचा खर्च, पकडले जाण्याची भीती, गोऱ्या संघटनांच्या सभांमधले परकेपण, आपल्या वस्तीतल्या कामाशी या प्रश्नाचा संबंध कोणी जोडून न दाखवणे. पुढच्या वेळी काय करावे लागेल हेही त्यांनी लिहिले. शब्दांपुरता पाहिला तर हा प्रश्न नि स्थितिवाद्यांचा प्रश्न एकच आहे: तुमच्या मोर्चात गरीब कोठे आहे? पण एकाने तो मोर्चा मोठा व्हावा म्हणून विचारला, दुसऱ्याने मोर्चा घरी जावा म्हणून. आपल्याकडे डाव्यांच्या मोर्चांविषयी, शेतकऱ्यांच्या मोर्चांविषयी आपण पन्नास वर्षे हा प्रश्न विचारीत आलो आहोत, आणि विचारलाच पाहिजे. मात्र तो विचारताना आपल्या शेजारी कोण येऊन उभा राहिला आहे नि मान डोलावतो आहे, इकडेही एकदा पाहावे.

तिसरी तऱ्हा दंडुक्याची. तिच्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यात विचार कमी आहे. सिएटलमध्ये ज्यांना विनाकारण पकडले होते त्यांपैकी सुमारे १७५ जणांचा खटला पुढे उभा राहिला. २००७ साली ज्यूरीने त्यांच्या घटनात्मक हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले आणि शहराला १० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. त्या वेळचे पोलीसप्रमुख नॉर्म स्टॅम्पर यांनी राजीनामा दिला होता. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की अश्रुधूर सोडणे ही चूक होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तर दंडुक्याला नवे तत्त्वज्ञान मिळाले. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट झेलिक यांनी त्याच महिन्यात भाषणात सुचवले की अतिरेकी आणि जागतिकीकरणावर हिंसक हल्ले करणारे यांच्यात काही वैचारिक नाते आहे काय, असा प्रश्न लोकांना पडणारच. इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनाही या दोहोंत चमत्कारिक जुळणी दिसली. दोन महिन्यांत व्यापार संघटनेची पुढची परिषद कतारमधल्या दोहा शहरात भरली, जेथे मोर्चा काढणे जवळजवळ अशक्यच होते.

आतापर्यंत मी मोर्च्याला विरोध करणाऱ्या स्थितिवाद्यांबद्दल लिहिले. पण एक स्थितिवादी मोर्च्याला मिठीही मारतो, आणि ही मिठी मला दंडुक्यापेक्षा धोक्याची वाटते. सिएटलला पॅट ब्युकॅनन हे अमेरिकेतले कडवे उजवे पुढारीही गेले होते. त्यांचाही व्यापार संघटनेला विरोध होता. कारण एवढेच की परक्यांचा माल आणि परकी माणसे दोन्ही त्यांना नको होती. आपल्याकडे दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ साली नागपुरात स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. डंकेल प्रस्तावाविरुद्ध, पुढे व्यापार संघटनेविरुद्ध त्याने सभा घेतल्या, मोर्चे काढले. ठेंगडी हे कष्टाळू संघटक होते, आणि आपल्याच विचाराच्या सरकारलाही त्यांनी धारेवर धरले, हे मान्य केले पाहिजे. पण मंचाच्या स्वदेशीत जे गाव आहे, ते कोणते गाव? त्या गावात कारागीर आहेत, धंदे आहेत, स्वावलंबन आहे. ढोर कातडे कमावतो, चांभार जोडा शिवतो, मांग दोर वळतो, महार मेलेले ढोर ओढतो. सगळे स्वदेशी आहे, एक पैसाही देशाबाहेर जात नाही! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाविषयी जे कठोर उद्गार काढले, ते ऐकलेल्या माणसाला ही स्वदेशी गोड लागणे कठीण आहे. परकीय कंपनी नको, एवढ्या एका वाक्यावर दोघांचे एकमत झाले म्हणून दोघे एका गाडीत बसले, तर गाडी कोठे जाणार आहे ते हाकणाराच ठरवतो.

गाडी कोठे जाते हे १९९९ नि २००१ या दोन वर्षांत दिसले. सिएटलच्या परिषदेत अध्यक्ष क्लिंटन यांनी असे सुचवले की कामगारांचे किमान हक्क जे देश पाळणार नाहीत त्यांच्यावर पुढेमागे व्यापारी निर्बंध यावेत. भारताचे व्यापारमंत्री मुरासोली मारन यांनी याला ठाम विरोध केला. वाजपेयी सरकारची ती भूमिका होती. या विरोधात तथ्य नव्हते असे नाही. श्रीमंत देश कामगारांच्या नावाखाली आपली बाजारपेठ बंद करतील ही भीती खरी होती, आणि आपल्याकडच्या बहुतेक कामगार संघटनांनीही तेच म्हटले. पण स्वस्त मजुरी हा भारताचा व्यापारातला फायदा आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ही मजुरी स्वस्त का आहे, हे विचारायला सभागृहात कोणी नव्हते. कातडी कमावण्याच्या हौदात कोण उतरतो? वीटभट्टीवर वेठबिगार कोण आहे? गालिचे विणणारी बोटे कोणाच्या मुलांची? देशाला जो फायदा मिळतो तो ज्यांच्या अंगातून निघतो, त्यांची वर्गवारी मनूने आधीच करून ठेवली होती.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. दलित संघटना तेथे मोठ्या संख्येने गेल्या आणि जातीचा प्रश्न जगासमोर मांडला जावा असा आग्रह त्यांनी धरला. त्याच सरकारने उत्तर दिले की जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. सिएटलमध्ये देशाची सार्वभौमता पुढे आली ती मजुराला झाकण्यासाठी, डरबनमध्ये पुढे आली ती दलिताला झाकण्यासाठी. पुष्कळदा हे दोघे एकच माणूस असतात. माल सीमेपलीकडे गेला पाहिजे, भांडवल सीमेअलीकडे आले पाहिजे, फक्त तक्रार तेवढी गावातच राहिली पाहिजे!

आता आपल्या घरात. खुल्या व्यापाराबद्दल आपल्यात एकमत कधीच नव्हते, आणि ते झाकून लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गेल ऑम्वेट यांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या बाजूने उभे राहून खुल्या व्यापाराचे समर्थन केले. चंद्रभान प्रसाद म्हणत आले की भांडवलशाही गावाची जातबद्ध अर्थव्यवस्था मोडते, म्हणून दलिताने तिचे स्वागत करावे. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची संघटना उभी राहिली. उलट आनंद तेलतुंबडे यांनी दाखवले की १९९१ नंतरच्या धोरणाने सरकारी नि सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी आटत गेली, आणि राखीव जागा कागदावर राहून जागाच नाहीशा झाल्या. मी स्वतः तेलतुंबड्यांच्या बाजूचा आहे. शहरातल्या गटारात उतरणारा कंत्राटी माणूस पाहिला की भांडवलशाही जात मोडते यावर माझा विश्वास बसत नाही. ती जातीला कंत्राट देते. पण ऑम्वेटबाईंना मी स्थितिवादी म्हणणार नाही. त्या कासेगावात राहिल्या, आयुष्यभर लोकांत राहून लोकांना जाब देत बोलल्या, वाद घातला, वाद ऐकला. त्यांचे म्हणणे चुकीचे असेल. ते गैरहजर माणसाच्या नावे उचललेले कर्ज नव्हते.

आणि ज्यांनी खुल्या व्यापारासाठी गरिबांची शपथ घेतली होती, त्यांचे पुढे काय झाले? २०१८ साली अमेरिकेच्या उजव्या सरकारने पोलाद नि ॲल्युमिनियमवर आयातकर बसवले. व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर नवे सदस्य नेमू द्यायचे त्याने नाकारले, आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प झाले. २०२५ मध्ये त्याच नेत्याने पुन्हा सत्तेवर येऊन जवळजवळ साऱ्या जगावर कर लादले. भारतही त्यातून सुटला नाही. सिएटलच्या चाळीस हजारांना जे जमले नाही ते खुद्द अमेरिकेच्या स्थितिवाद्यांनी करून दाखवले. बुशसाहेबांच्याच पक्षाने ब्युकॅननांचा मार्ग धरला. ज्या गरीब मुलाची ती सर्वांत मोठी आशा होती, त्याचे छायाचित्र या वेळी फारसे कोणाला आठवले नाही. व्यापार खुला असो की बंद, निर्णय कोणी घ्यायचा याबद्दल या मंडळींच्या मनात कधी गोंधळ नव्हता.

२०२०-२१ साली दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले तेव्हा याच साऱ्या तऱ्हा आपल्याकडे क्रमाने येऊन गेल्या. अडाणी आहेत, कोणीतरी भडकवले आहे, देशद्रोही आहेत. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत पंतप्रधानांनी 'आंदोलनजीवी' हा नवा शब्द दिला. आणि शेवटी, हे बडे जमीनदार आहेत, यात भूमिहीनाचे काय, हा प्रश्न आला. प्रश्न खरा आहे. पंजाबात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ ३२ टक्के लोक दलित आहेत, आणि त्यांच्या नावावरची जमीन अगदी नगण्य आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अबुधाबीत व्यापार संघटनेची तेरावी परिषद सुरू झाली, त्या दिवशी शेतकऱ्यांनी महामार्गावर ट्रॅक्टर उभे करून भारताने या संघटनेतून बाहेर पडावे अशी मागणी केली. त्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दलित मजुराचा ट्रॅक्टर नव्हता, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर नाही.

पण त्याच पंजाबात गावच्या सामायिक जमिनीचा एक तृतीयांश भाग दलितांना कसण्यासाठी राखून ठेवणारा कायदा आहे. दर वर्षी तिचा लिलाव होतो, आणि वर्षानुवर्षे बडे शेतकरी एखाद्या दलिताचे नाव पुढे करून ती जमीन घेत आले. गेली काही वर्षे संगरूर भागातले दलित स्त्री-पुरुष संघटना बांधून या लिलावात स्वतः उभे राहतात, मार खातात, तुरुंगात जातात, आणि काही गावांत त्यांनी जमीन मिळवून सामुदायिक शेतीही केली आहे. भूमिहीनाच्या कळवळ्याने ज्यांनी दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकऱ्यांवर अग्रलेख लिहिले, त्यांतले किती जण त्या लिलावाला गेले, हे मी शोधू लागलो. मला एकही अग्रलेख सापडला नाही.